उरलेलं घरी न्यायचं नाही

व्यसनमुक्ती केंद्रात मी दोनदा राहिलो. पहिल्यांदा पंचेचाळीस दिवस, दुसऱ्यांदा नव्वद. पहिल्यांदा सुटी झाली तेव्हा माझी बायको सुजाता मला न्यायला आली होती, डब्यात घावणे घेऊन. दुसऱ्यांदा ती न्यायला येईल का, हा एकच प्रश्न घेऊन मी ते नव्वद दिवस काढले. बाकी सगळं, म्हणजे भीती, थरथर, गोळ्या, प्रार्थना, हे त्या प्रश्नाच्या आजूबाजूला घडलं.

केंद्रातले समुपदेशक नाईक सर म्हणाले, "लिहा. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल." माझ्या लिहिण्यामुळे कुणाची दारू सुटेल असं मला वाटत नाही. पण मी एक चूक केली आणि ती चूक आमच्या भागात घरोघरी होऊ शकते. तेवढी नोंदवून ठेवतो.

मोजून

माझं वय एकावन्न. रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक म्हणून सव्वीस वर्षं काढली. द्रावणं तयार करायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, फुटलेल्या काचेची नोंद ठेवायची. मापात चुकणं मला सहन होत नाही. घरी दूधवाला मापात कमी घालतो की काय, हेसुद्धा मी महिन्यातून एकदा तपासायचो.

दारूही मी मोजून प्यायलो. प्रयोगशाळेतलं शंभर मिलिलिटरचं मोजपात्र तोंडाशी टवका उडाल्यामुळे बाद झालं होतं. ते रीतसर परवानगी घेऊन मी घरी आणलं. सुरुवातीला साठ मिलिलिटर. डोळा द्रावणाच्या पातळीला आणून, खालची कड बघून. मग साठाचे एकशे वीस झाले, एकशे ऐंशी झाले. चार वर्षांत तीनशे साठवर आलो. वहीत रोजचा आकडा लिहायचो. न मोजता एकदाही ओतली नाही आणि याचा मला अभिमान होता. दारुडा म्हणजे गटाराच्या कडेला पडलेला, बायकोला मारणारा माणूस. मी वेळेवर कामाला जाणारा, मोजून पिणारा.

हात कापायला लागले तेव्हा सुजाताने मला डॉक्टरांकडे नेलं. मी वही बरोबर नेली होती. डॉक्टरांनी पानं उलटली. बराच वेळ उलटत राहिले. मला वाटलं, हा माणूस माझ्या टापटिपीवर खूष झालाय.

"इतकं नीट लिहिणारा पेशंट मी पाहिला नाही," ते म्हणाले. "पण चार वर्षांत एकही दिवस कोरा नाही हो यात."

मी वहीकडे पाहिलं. खरोखरच नव्हता. ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती. मी बेरजा केल्या होत्या, सरासरी काढली होती, पण शून्य शोधलं नव्हतं.

सुजाताने विचारलं, "म्हणजे हा आजार आहे का, डॉक्टर?"

"आजारच आहे."

ती रडली, पण ते रडणं सुटकेचं होतं. आजार म्हटल्यावर औषध आलं, उपचार आले, बरं होणं आलं. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. तिचं ते रडणं आठवलं की मला आता फार लाज वाटते. त्या दिवशी तिला जी आशा लागली ती पुढे मी तिच्याकडून थोडी थोडी करून काढून घेतली.

दोनशे बारा

केंद्र चिपळूणच्या पुढे, पोफळीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. चिऱ्याची बैठी इमारत, बावीस खाटा. पहिल्या वेळचे पंचेचाळीस दिवस मी चांगल्या विद्यार्थ्यासारखा राहिलो. गोळ्या वेळेवर, व्यायाम वेळेवर. सगळं मला येत होतं, म्हणून मला काहीच कळलं नाही.

घरी आलो. मोजपात्र सुजाताने आधीच फोडून टाकलं होतं. आमची एकुलती एक मुलगी मुग्धा तेव्हा बारावीत गेली होती, माझ्याच महाविद्यालयात. ती संध्याकाळी अभ्यासाला माझ्यासमोर बसायला लागली. आधी ती आतल्या खोलीत दार लावून बसायची. तिने याबद्दल काही बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. पण समोरच्या टेबलावर तिची कंपासपेटी पडलेली असायची आणि ती बघून मला बरं वाटायचं.

केंद्रातले पंचेचाळीस आणि घरचे एकशे सदुसष्ट मिळून दोनशे बारा दिवस मी प्यायलो नाही.

राखण

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. तिथे वडिलोपार्जित आंब्या-काजूची बाग आहे आणि बागेच्या दगडी गडग्यालगत, जुन्या किंजळीच्या बुंध्याशी, एक पाषाण आहे. तो बागेचा राखणदार. वर्षातून एकदा, मोहोर धरायच्या आधी, त्याला राखण द्यायची. कोंबडा, भात, विडी आणि दारू. पुरुष माणसांनीच जायचं, तिथेच चूल मांडायची, तिथेच शिजवायचं, तिथेच खायचं. आणि नियम असा की राखणीचं उरलेलं घरी न्यायचं नाही. कोंबड्याचा तुकडा नाही, भाताचं शीत नाही, काही नाही. सगळं जागेवर संपवून उठायचं.

देवापुढे ओतायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे वडिलांच्या पश्चात माझा. आदल्या वर्षी घरी माझ्या पिण्याचा गोंधळ चालला होता आणि राखण चुकली. त्या वर्षी मोहोर गळला. माझे धाकटे काका आबा सगळ्यांना सांगत सुटले की विलासचं पिणं आणि मोहोर गळणं ही दोन्ही राखण चुकल्याची फळं. मी त्याआधी तीन वर्षं पीत होतो, हा हिशेब त्यांना पटत नव्हता.

आबा रत्नागिरीला घरी आले तेव्हा सुजाताने त्यांना स्पष्ट विचारलं, "आबा, दारूच्या जागी दुसरं काही नाही का चालणार? नारळपाणी ठेवा. नाहीतर सुनील भावोजींना ओतू दे."

"सुनील धाकट्या घरचा," आबा म्हणाले. सुनील त्यांचा मुलगा, मुंबईला असतो. "आणि देवाचा काय ता आपण ठरवायचा नाय गो. ती दारू नव्हं. देवाचा हाय."

"देवाचं असेल. पण हे देव नाहीत ना."

आबा हसले. मीही हसलो. सुजाता हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हाला जमेल?"

"टोपणभर ओतायची आणि हात धुवायचे," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम."

रविवारी भर दुपारी आम्ही बागेत होतो. आबा, सुनील, बागेचं काम बघणारा बाळू आणि मी. बाटली रत्नागिरीहून मीच नेली होती. आबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, लेकराच्या हातून काय चुकला-माकला असंल..." बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी पाषाणावर तीनदा टोपण उपडं केलं. चार थेंब बोटांवर आले. दोनशे बारा दिवसांनंतर तो वास माझ्या हाताला आला.

जेवणं झाली. आबांनी तीर्थासारखी थोडी घेतली. बाळूने पेला भरून घेतला आणि गुरं सोडायला निघून गेला. सुनीलला गाडी चालवायची होती. बाटली अर्ध्याच्या वर भरलेली होती.

"ओतून टाकूया मातीत," सुनील म्हणाला.

"देवाचा मातीत?" आबा म्हणाले. "तसा नाय करायचा. घरी पण न्यायचा नाय."

तिघेही बाटलीकडे बघत बसलो. मग मी म्हणालो, "ठीक आहे. प्रसाद म्हणून संपवतो मी. आजच्यापुरतं."

आबा म्हणाले, "देवाचा हाय, बाधायचा नाय."

घरी आल्यावर सुजाताने दारातच ओळखलं. मी म्हणालो, "देवाचं होतं. टाकता येत नव्हतं." हेच वाक्य पुढे मी सगळ्यांना सांगितलं. नाईक सरांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं.

गुलाबी रंग

त्यानंतरचे अडतीस दिवस. मोजपात्र नव्हतं. पहिल्यांदाच मी न मोजता पीत होतो आणि किती ते मला आजही सांगता येत नाही. ही माझ्या वहीतली सर्वात मोठी रिकामी जागा आहे.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी द्रावणं मी तयार केली होती. सकाळी थोडी घेऊन गेलो होतो, हात कापू नयेत म्हणून. पहिल्या तुकडीत वीस मुलं होती, त्यात मुग्धा. मुलांनी ब्युरेटमधलं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या शंकुपात्रात गुलाबी रंग आला की थांबायचं, असा प्रयोग. रंग येईना. ब्युरेट रिकामी होत आली तरी येईना. कुणी बोलेना, कारण प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपलीच आहे. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः करून बघितलं. द्रावण दहापट पातळ होतं. चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरात, बरोबर आकड्याची, आत चुकीचं द्रावण.

सगळी तुकडी पुन्हा बसवली. मला बाजूला घेण्यात आलं. माझ्या तोंडाचा वास परीक्षकांना आला, शिपायाला आला, मुलांनाही आला असणार. मुग्धा दोन टेबलं सोडून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, ब्युरेटकडे बघत होती.

घरी ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मी पंधरा मिनिटं ब्युरेटचा नळ तपासत होते. मला वाटलं, मलाच येत नाही."

सुजाताने त्याच संध्याकाळी केंद्रात फोन केला. सकाळी गाडीत बसताना ती मला म्हणाली, "सोडायला येतेय. न्यायला येईन की नाही, ते सांगता येत नाही."

खाट क्रमांक नऊ

दुसऱ्या वेळी मी चांगला विद्यार्थी नव्हतो. पहिले पाच दिवस मला आठवतात ते तुकड्यातुकड्यांनी. नाडी एकशे अठरा. चादर ओली. भिंतीवरच्या चिऱ्यांच्या छिद्रांतून मुंग्या बाहेर येताना दिसायच्या आणि मी त्या मोजायचो. मुंग्या नव्हत्या. चौथ्या दिवशी मी परिचारकाला हात जोडून म्हणालो, एक टोपण द्या. टोपण हाच शब्द माझ्या तोंडातून आला. तो म्हणाला, "काका, पाणी घ्या." त्याने पाणी पाजलं, तोंड पुसलं. अशा वेळी कुणी नुसतं तोंड पुसलं तरी ते विसरता येत नाही.

सहाव्या दिवसापासून दिनक्रम लागला. साडेपाचला घंटा, प्रार्थना, झाडलोट, सातला पेज आणि लोणचं, नऊला गोळ्या, दहाला सगळ्यांची एकत्र बैठक. माझ्या शेजारच्या खाटेवर जयगडकडचे एक तांडेल होते, पांडुरंग. होडीवर तीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस, पण इथे त्यांना पेजेची वाटी दोन हातांनी धरावी लागायची. ते मला मास्तर म्हणायचे. मी मास्तर नाही असं तीनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

बैठकीत प्रत्येकाने उभं राहून न पिता किती दिवस झाले ते सांगायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आधीचे दोनशे बारा, आताचे अकरा. एकूण दोनशे तेवीस. मधले अडतीस मी धरलेले नाहीत."

नाईक सर म्हणाले, "असं नसतं विलासराव. पुन्हा एकपासून. आज अकरा."

"मग निदान पहिला दिवस तरी सोडा. तो प्रसाद होता. मी पिण्यासाठी प्यायलो नाही."

खोलीत हशा पिकला. तांडेल सर्वात मोठ्याने हसले. "अरे मास्तर! देवाच्या वाट्याची तू प्यायलास, आता देवाला पन इथं भरती करूया काय? खाट नंबर दहा रिकामी हाय!"

मीही हसल्यासारखं केलं. पण मला खरंच तो एक दिवस वजा करून हवा होता. मी सरांशी वीस मिनिटं वाद घातला. नव्वद दिवसांत मी कुठल्याच गोष्टीसाठी एवढा झटलो नाही.

त्या संध्याकाळी पडवीत बसलो असताना तांडेल गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, माजा ऐक. मी पन होडी पाण्यात सोडताना नारळासंगं दारू सोडतो. दर्याला एक घोट, माला एक. वीस वर्सं मी दर्याच्या नावावर खपवली. दर्या कुटं बोलतो?"

त्यांना साठाव्या दिवशी मुलगा न्यायला आला. हंगामाचे दोन महिने उरलेत, होडी नुसती उभी आहे म्हणाला. तांडेल जाताना माझा खांदा दाबून गेले. सतरा दिवसांनी त्यांच्या बायकोचा केंद्रात फोन आला की ते तिकडे परत आलेत का. आले नव्हते. घरीही नव्हते. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी दोनदा विचारलं, मग विचारणं बंद केलं.

एकच प्रश्न

कुटुंबाबरोबरची बैठक पासष्टाव्या दिवशी झाली. मुग्धा आली नव्हती. सुजाता आणि आबा आले होते. आबा खूप खंगलेले दिसले. बसल्या बसल्याच म्हणाले, "चूक माजी हाय साहेब. मीच त्याला बागेत नेला. मीच बोल्लो बाधायचा नाय."

नाईक सर काही बोलणार तेवढ्यात सुजाता म्हणाली, "आबा, थांबा जरा. मला यांना एकच विचारायचंय."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता.

"अहो, राखणीला दरवर्षी क्वार्टर लागते. मामंजी होते तेव्हापासून मी बघतेय, बाजाराच्या यादीत क्वार्टरच लिहिलेली असायची. तुम्ही खंबा का नेलात?"

आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाटली केवढी होती हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

इथे मी थांबतो आणि खरं काय ते सांगतो, कारण हेच सांगायला मी बसलोय. त्या शनिवारी दुकानात मी क्वार्टर मागितली होती. माणसाने ती समोर ठेवली. एकशे ऐंशी मिलिलिटर. मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. देवाला तीस, आबांना तीस, बाळूला उरलेली सगळी. काहीच राहत नव्हतं. मी म्हणालो, "ही नको, मोठी द्या." साडेसातशे. देवाला तीस, आबांना तीस, बाळूने दणकून घेतली तरी दोनशे. सुनील गाडी चालवणार, म्हणजे शून्य. उरतात चारशे नव्वद. घरी न्यायची नाही, मातीत ओतायची नाही. नियम मला पाठ होते. आकडेही. बागेत जे घडलं ते मी चोवीस तास आधी दुकानात बेरीज-वजाबाकी करून ठरवलं होतं, आणि तरीही बागेत बसून मी बाटलीकडे असा बघत होतो की जणू ती आपोआप तिथे आली.

नाईक सरांनी मला विचारलं, "विलासराव, उत्तर द्यायचंय का?"

मी म्हणालो, "उरावी म्हणून."

मग आबा म्हणाले, "म्हंजे तू देवाला फसवलास?"

"देवाला त्याची तीस मिळाली, आबा," मी म्हणालो. हे मी का बोललो कोण जाणे. आकडा बरोबर होता म्हणून बोललो असेन. आबा उठून पडवीत गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, ती हलत होती.

मला, खरं सांगतो, हलकं वाटलं. केंद्रात वर्षानुवर्षं शिकवतात की खरं बोललं की माणसाचं ओझं उतरतं. मला वाटलं, आता सुजाता रडेल, आणि डॉक्टरांकडे रडली होती तसं तिलाही बरं वाटेल.

ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही सांगाल, दुकानात क्वार्टर नव्हती. तसं म्हणाला असतात तर मी भांडले असते. तयारी करून आले होते मी."

"आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय."

"हो. दिसतंय." तिने पर्स उचलली. "तेव्हाही खोटं नव्हतंच म्हणा. देवाचंच होतं, टाकता येत नव्हतंच. तुमचं सगळं नेहमी बरोबरच असतं."

"सुजाता, न्यायला येशील ना?"

"सांगते मी," ती म्हणाली.

ती गेल्यावर नाईक सर मला म्हणाले, आज तुम्ही फार मोठं काम केलंत. त्यांचं म्हणणं खरं असेल. ते स्वतः चौदा वर्षं न पिता राहिलेले आहेत. पण मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो आणि ती कुठल्याही बैठकीत सांगत नाहीत. खरं बोलल्याचा उपयोग बोलणाऱ्याला होतो. ऐकणाऱ्याला त्याचं काय करायचं ते समजत नाही. माझं ओझं उतरलं ते कुठे गेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते दरवाजातून बाहेर पडून एसटीच्या थांब्याकडे चालत गेलं.

घरच्यांना

एवढं सांगतो. तुमच्या घरचा माणूस केंद्रातून परत आला असेल तर राखणीला, हळदीला, शिमग्याला त्याला जाऊ द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बाटली आणायला त्याला पाठवू नका. पाठवलीत तर ती केवढी आहे ते बघा. आणि तो म्हणाला की रीतच अशी आहे, मान माझाच आहे, देवाचं आहे, तर त्याच्याशी देवावरून वाद घालू नका. देवाचा यात संबंध नसतो. आमच्यासारख्या माणसाला प्यायची असते आणि ती प्यायला लावणारा नियम तो शोधत असतो. नियम जितका जुना तितका बरा.

दारू सुटल्यावर काय होतं, हेही विचारतात. माझं सांगतो. हात कापत नाहीत. झोप चार तास लागते. भूक आहे. आणि दिवसभर सगळं स्वच्छ दिसतं, ते न दिसावं म्हणूनच मी पीत होतो की काय, असं वाटण्याइतकं स्वच्छ.

नव्वदावा दिवस

सकाळी नऊपासून मी पडवीत बसलो होतो. मधल्या पंचवीस दिवसांत सुजाताचा फोन आला नव्हता. मी दर आठवड्याला दोन पत्रं लिहिली, एकूण सात. त्यांत मी क्षमा मागितली नाही, कारण ती मी पूर्वी इतक्या वेळा मागितली होती की तिला आता काही वजन नव्हतं. मी फक्त दिवसभर काय केलं ते लिहायचो. उत्तर आलं नाही. सातातलं एखादं तरी तिने वाचलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

साडेअकराला फाटकातून आबा येताना दिसले. एकटे. दोन्ही हातांत एकेक मोठी पिशवी. मी त्यांच्या मागे रस्त्याकडे बघत राहिलो. थांब्यावरची गाडी निघून गेली तरी बघत राहिलो.

"ती नाय आली," आबा म्हणाले. पिशव्या खाली ठेवून ते बाकावर बसले आणि श्वास घेत राहिले. "मुग्धाला पुण्याला ॲडमिशनचा बघायला घेऊन गेलीय. तू गावाला चल माज्याकडं. खोली झाडून घेतलीय."

"कधीपर्यंत?"

आबा उठले. त्यांनी कार्यालयात जाऊन सही केली. नेणाऱ्याचं नाव, नातं, पत्ता. नाईक सरांनी माझा हात हातात घेतला. मी त्यांना नव्वद म्हणालो, ते म्हणाले, "उद्या एक्क्याण्णव."

निघण्याआधी मी पिशवी उघडली, कपडे बदलायला एक शर्ट काढावा म्हणून. सगळे इस्त्री करून, घडी घालून ठेवले होते. वर शर्ट, खाली पँट, एका बाजूला टॉवेल, माझा चष्म्याचा जुना डबा, दाढीचं सामान, स्वेटरही.

"मी बोल्लो तिला," आबा म्हणाले, "एवढा कशाला गो? चार दिवसांचा दे. मग बघू. तर बोल्ली, असू दे."

मी बाकावर बसून शर्ट मोजले. नऊ होते.

घरी माझे नऊच शर्ट होते.